बिनवासाचे हात

आमच्या पॅकहाउसमध्ये कामाला शिरायचं तर आधी लंकामावशीच्या नाकाखालून जावं लागायचं. खरोखरच नाकाखालून. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसलेली असायची. आपण बेसिनवर हात धुऊन दोन्ही पंजे तिच्यापुढे धरायचे, आणि ती ते हुंगायची. आधी उजवा, मग डावा. मग एक डोळा बारीक करून आपल्या तोंडाकडे बघायची, जणू हात खोटं बोलले तरी तोंड बोलणार नाही. "जा" म्हणाली की आत. काहीच बोलली नाही की गुपचूप परत नळावर.

मी शुभांगी, आत वजनकाट्यावर बसते. द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं हे पॅकहाउस ओझरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. थंडी सरत आली की द्राक्षं सुरू होतात ती उन्हं चांगली तापेपर्यंत. पेठ रोड आणि पंचवटीतून आम्हा बायकांना पिकअप आणून सोडते. माल परदेशात जातो, म्हणून डोक्याला टोपी, अंगात एप्रन, नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या. हातमोजे घातले तर कात्री नीट चालत नाही, घडातला खराब मणी काढताना शेजारचा चांगला मणी फुटतो, म्हणून काम उघड्या हातांनी. त्यामुळे सगळी मदार हात धुण्यावर, आणि हात धुण्याची सगळी मदार लंकामावशीवर.

मालक ज्ञानेशभाऊंनी तिला त्या खुर्चीवर बसवलं ते माणूस ओळखून. जगात कुणावरच विश्वास न ठेवणारी बाई दारावर असली तर बरं, असा त्यांचा हिशेब. आणि मावशीचा विश्वास खरंच कुणावर नव्हता. दूधवाला माप बुडवण्याआधीच त्यात पाणी ठेवतो, असं ती म्हणायची. डॉक्टर सुई टोचतो पण औषध आत सोडत नाही. पिकअपचा ड्रायव्हर मुद्दाम खड्ड्यातून गाडी घालतो, म्हणजे बायकांची भांडणं लागतात आणि त्याची करमणूक होते. घरी सून निकिता चांगली मुलगी, पण मावशी आपली अंगाची साबणवडी अंघोळ झाली की पुसून, कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. त्याआधी वडीवर नखाने खूण करायची. खूण पुसट दिसली की दिवसभर सुनेशी बोलायची नाही. अहो, ओली वडी कागदात गुंडाळली तर खूण पुसट होणारच! पण हे तिला सांगणार कोण? सांगितलं तर "तू तिच्याकडून बोलतेस" म्हणायची.

तिचं माहेर दिंडोरीकडचं. नवरा टेम्पो चालवायचा, तो लवकर गेला. मग गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात तिने पोळ्या लाटण्यात आयुष्य काढलं. तिथली बाई कणीक मळायच्या आधी हिचे हात हुंगून बघायची. साबणाचा वास आला तर कणकेला हात लावायचा, नाही तर परत धुवायचे. इतकी वर्षं रोज कुणी आपले हात हुंगले की माणसाला राग तरी येतो, नाही तर ते पटतं. मावशीला पटलं. धुतलेल्या हाताला वास येतो, ही गोष्ट तिच्या डोक्यात अशी बसली की मग ती कुणालाही काढता आली नाही.

गेल्या हंगामात साधना मॅडम आल्या. मालाची तपासणी त्यांच्याकडे. मुलगी कामाची, पण बोलायला मोकळी. त्यांनी आल्या आल्या बेसिनवरचा गुलाबी वासाचा साबण काढला आणि पाण्यासारखा नितळ, बिनवासाचा साबण बाटल्यांत भरायला लावला. हाताचा वास फळाला लागतो, खोका उघडल्यावर गिऱ्हाइकाला द्राक्षांऐवजी साबणाचा वास यायला नको, असं त्यांचं म्हणणं.

मावशीने बाटली उलटी केली, थेंब बोटावर घेतला, हुंगला. "हे पाणी हाय," ती म्हणाली.

"साबण आहे, मावशी. फेस बघा."

"फेस तर निरम्याचा बी येतो. ज्ञानेशभाऊंला कुणीतरी गंडवलंय. नायतर भाऊच आपल्याला गंडवून राह्यले."

साधना मॅडम हसल्या. "मावशी, हातावरचा मळ काढायला कोणताही साबण चालतो. वडी घ्या, पातळ घ्या, वासाचा घ्या, बिनवासाचा घ्या. नीट चोळायचं, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, आणि वाहत्या पाण्यात धुवायचं. वास म्हणजे नुसती सजावट."

"सगळे साबण सारखेच, तर मग गुलाबी का काढला?"

"फळासाठी. हातासाठी नाही."

मावशीला ते पटलं नाही, हे तिच्या बारीक डोळ्यावरून दिसलं. मग तिने एक प्रश्न विचारला, आणि खरं सांगते, तो मला अजून बरोबर वाटतो. "वासच नाय, तर कुणी धुतले अन् कुणी नाय हे म्या वळखायचं कसं?"

"हात ओले असतील ना."

"नळाखाली नुसते धरले तरी वले व्हत्यात."

"विश्वास ठेवायचा, मावशी," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. आता ज्या बाईने सख्ख्या सुनेवर कधी विश्वास ठेवला नाही, ती तीसेक परक्या बायकांवर ठेवणार? मॅडमना माणसाची जात अजून कळलेली नव्हती.

थोड्याच दिवसांत बेसिनवरच्या साबणाला मोगऱ्याचा वास यायला लागला. आम्हाला वाटलं, मॅडमनी ऐकलं असेल. आम्हाला बरंच वाटलं, घरी जाताना हाताला छान वास यायचा. खरी गोष्ट पुष्कळ नंतर कळली, पण ती तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच कशाला झुलवू? मोगऱ्याच्या वासाच्या साबणाची बाटली मावशीने स्वतः बाजारातून आणली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती त्यातला थोडा थोडा बेसिनवरच्या बाटल्यांत ओतायची. मॅडमना, भाऊंना, कुणालाच पत्ता नाही. तिचं डोकं सरळ होतं. ज्या हाताला मोगरा, तो धुतलेला. ज्याला नाही, ती बाई लबाड. दारावरचं काम पुन्हा सोपं झालं.

आणि मग तिच्या नाकाला सरुबाई सापडली.

सरुबाई पेठच्या डोंगराकडची. नवरा, सासू आणि ती पेठ रोडला खोली घेऊन राहत. बोलायला कमी, पण हाताला इतकी चपळ की तिची कात्री दिसायची नाही, नुसता मणी पडलेला दिसायचा. घड देठाला धरून असा फिरवायची की मण्यावरची पांढरी लव जराही पुसायची नाही. जेवायच्या सुट्टीत तिच्या डब्यातल्या नागलीच्या भाकरीसाठी आमच्यात ओढाओढ व्हायची. आमच्यात जेवायची रीत अशी की सगळ्यांनी गोल बसायचं, डबे मध्ये सरकवायचे आणि जिला जे हवं ते तिने घ्यायचं. आपलं आपलं कुणी खात नाही.

एका सकाळी सरुबाईने हात पुढे केले. मावशीने हुंगले. परत हुंगले.

"धुतले?"

"धुतले."

"कशानं?"

"साबणानं." सरुबाईने हात चटकन मागे घेतले.

हात मागे घेतले इथेच तिचं चुकलं. मावशीने तिला आत सोडलं, पण नजर सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोगरा नाही. मग मावशी तिच्या मागावर लागली. सरुबाई संडासाला गेली की हीसुद्धा जाऊन भिंतीआड उभी. सरुबाई बेसिनवर न येता मागच्या बाजूला, जिथे क्रेट धुतात तिकडे जाते आणि परत येताना कमरेला काहीतरी खोचते, एवढं मावशीने बघितलं. पुढचं तिने बघितलं नाही, कारण बघायची तिला गरज वाटली नाही. बाई चोरून कुठे जाते म्हणजे मिश्री लावायला जाते, आणि हाताला वास नाही म्हणजे धूत नाही. तिच्या मनात फैसला झाला.

तो तिने जेवायच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितला. सरुबाई डबा मध्ये सरकवत होती.

"खावा, खावा तिची भाकर," मावशी म्हणाली. "संडासला जाऊन हात न धुता थापलेली हाय."

सरुबाईचं तोंड उघडं राहिलं. "मी धुतंय," एवढंच ती म्हणाली, ते पण इतकं हळू की शेजारणीलाच ऐकू आलं असेल. आमच्यातल्या सखुबाईने पुढे केलेला हात मागे घेतला. बाकीच्यांनी आपापले डबे थोडे थोडे जवळ ओढले. सरुबाईचा डबा मध्ये एकटा राहिला, झाकण उघडं. थोड्या वेळाने तिने तो उचलला आणि क्रेटच्या ढिगामागे जाऊन बसली. मला त्या क्षणी मावशीचा भयंकर संताप आला. बाईला चोर म्हणा, आळशी म्हणा, ती भांडेल. पण तिच्या हातचं खाऊ नका म्हटल्यावर तिने कुणाशी आणि काय भांडायचं?

त्या दिवसापासून सरुबाईच्या हातचं कुणी काही घेईना. पाण्याचा तांब्या तिने भरला तर दुसरी कुणी तो ओतून परत भरायची. "डोंगराकडची, त्यांच्यात कुठली सवय," असंही कुणी म्हणालं. त्याच बायका महिनाभर तिची भाकरी ओरबाडून खात होत्या, हे सोयीने विसरल्या.

गोष्ट साधना मॅडमपर्यंत गेली. त्यांनी कामाच्या आधी सगळ्यांना बेसिनपाशी उभं केलं. ज्ञानेशभाऊ पण आले.

"मावशी, ही हात धूत नाही हे कशावरून?"

"वास येत नाय."

मॅडम बुचकळ्यात पडल्या. "पण वास यायलाच नको. आपला साबण बिनवासाचा आहे." मग त्यांनी सरुबाईचा हात सोडून सखुबाईचा हात नाकाशी नेला. मग माझा. मग आणखी दोघींचा. त्यांचा चेहरा उतरला. "हा मोगरा कुठून आला?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. मॅडमनी बेसिनवरची बाटली हुंगली आणि भाऊंकडे दिली. भाऊ तापले. कंटेनर भरायला आला होता. "साबणात कुणीतरी काहीतरी मिसळलंय. माझा माल बाद करायचा डाव आहे कुणाचा तरी. कोण ते बोला, नाहीतर सगळ्यांना घरी पाठवतो."

आता बघा संशय कसा चालतो. इतका वेळ सरुबाईला मोगऱ्याचा वास येत नाही म्हणून ती घाणेरडी होती. आता सखुबाई म्हणाली, "हिच्याच हाताला वास नाय. म्हंजे हिला ठाव हुतं साबणात काय हाय ते. हिनंच टाकलं, म्हून ही त्याला शिवत नाय." आणि बायकांनी माना हलवल्या. घाणेरडी बाई एका दमात घातकी झाली, आणि पुरावा तोच.

भाऊंनी तिला कमरेची पिशवी उघडायला लावली. आत मिश्री नव्हती. साबणाचा एक झिजलेला, बिनवासाचा तुकडा होता आणि सरकारी दवाखान्यातलं मलम. मॅडमनी तिचे हात उलटे केले. बेचक्यांतून कातडी लाल होऊन सोलली होती, एका ठिकाणी चीर पडली होती.

"हे कधीपासून?"

"मोगऱ्याचा वास याया लागला तवापासून," सरुबाई खाली बघत म्हणाली. "त्या साबणानं आग व्हती. डाक्टर बोलला, वासाचं काय लावू नको, हा साबण घे. त्यानंच धुतंय मागं जाऊन."

"मग सांगितलं का नाहीस?"

सरुबाईने भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती, हाताला जखम असेल त्याने मालाला हात लावू नये. म्हणजे घरी बसावं. ती तेवढं वाचायला शिकलेली होती.

मी मावशीकडे बघितलं. ती खुर्चीत नव्हती, खुर्चीला धरून उभी होती. गप्प राहिली असती तरी तिला कुणी काही विचारणार नव्हतं, दारावरच्या बाईवर कोण संशय घेतो? सरुबाई गेली असती, विषय मिटला असता. मावशीने ते सोललेले हात बघितले. मग म्हणाली, "म्या टाकला साबण."

भाऊ वैतागले. "मावशी, उगाच तिला पाठीशी घालू नका."

"घालत नाय. म्याच टाकला. रोज टाकते."

"दया आली म्हणून खोटं बोलते," मागून कुणीतरी म्हणालं. शेवटी मावशीला आपल्या जेवणाच्या पिशवीतून मोगऱ्याची अर्धी बाटली काढून सगळ्यांसमोर टोपण उघडून दाखवावी लागली. तेव्हा कुठे तिच्या खरेपणावर आमचा विश्वास बसला.

भाऊंनी तिची खुर्ची काढली आणि तिला क्रेट मोजायला लावलं. त्या दिवशीचा माल मॅडमनी पुन्हा तपासला. सरुबाईला सांगितलं, हात बरे झाले की ये. ती एप्रन घडी करून ठेवून गेली, आणि परत आली नाही.

पुढे सखुबाईने बातमी आणली. तिची भाची पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसला जाते. सरुबाई तिथे लागली होती, पण तिच्याआधी तिचं नाव पोचलं होतं. तीच ती, हात न धुणारी. तिला आत टेबलावर घेत नव्हते, बाहेर क्रेट उचलायला लावत होते, आणि जेवायला ती एकटी बसायची. मावशीने सगळ्यांसमोर कबूल केलं, ही अर्धी गोष्ट मात्र कुणी तिथवर नेलेली नव्हती. तेवढी गोड नसावी ती.

मावशीने ऐकलं आणि आधी म्हणाली, "सखू मुद्दाम सांगती मला." सवय जाते थोडीच. पण दोन-चार दिवस ती क्रेट मोजताना चुकायला लागली, आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "चल माझ्यासंगं. माझं एकटीचं कोण खरं मानायचं नाय."

आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या बायका शेडच्या सावलीत गोल करून जेवत होत्या. सरुबाई लांब, पाण्याच्या टाकीजवळ, डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने आम्हाला बघितलं आणि मान फिरवली. मावशी गोलाच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ही सरू हात धुती. धूत नाय असं म्या उठवलं व्हतं. ते खोटं हाय."

बायका चावायच्या थांबल्या. त्यांच्यातली एक थोराड बाई, कलाबाई नाव तिचं, तिने विचारलं, "ही कोण लागती तुमची?"

"कोण नाय."

"मग एवढ्या लांब कशापायी आलात? हिनं बोलावलं जणू?"

"नाय."

"तवा तुम्ही खोटं बोलला म्हंता. मग आता खरं बोलताय कशावरनं?"

कशावरनं! आयुष्यभर दूधवाल्याला, डॉक्टरला, सुनेला, आम्हाला मावशीने हेच विचारलं होतं, आणि आता तोच प्रश्न तिच्याकडे आला होता. ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं तर कलाबाई म्हणाली, "तू तर तिच्याच संगं आलीस." मला तिचा राग आला आणि लाजही वाटली, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मावशी तिथून निघाली आणि थेट टाकीपाशी जाऊन तिने सरुबाईच्या समोर बसकण मारली. "भाकर दे मला तुझी," ती म्हणाली. सगळ्या बघत होत्या, आणि त्यांनी बघावं हेच तिला हवं होतं.

सरुबाईने डब्याचं झाकण अर्धं उघडलं. मग मावशीच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. पिकअपच्या आणि मग रिक्षाच्या दांड्यांना धरून आलेले हात ते, धुळीने काळपट झालेले. तिने झाकण परत लावलं.

"आधी हात धुऊन या, मावशी."

मग कलाबाईला असं हसू फुटलं की तिला ठसका लागला, आणि मग सगळा गोल हसायला लागला. मावशी उठली. नळावर कपडे धुवायच्या साबणाचा एक निळा तुकडा पडला होता, तोच तिने घेतला. बेचक्यांत चोळलं, नखांत चोळलं, मनगटापर्यंत फेस आणला, धुतलं, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इकडे कलाबाई डोळे पुसत उठून सरुबाईपाशी आली. "दुसरीला धुवाया लावती, ती सवता काय बिनधुती ऱ्हाईल व्हय," असं म्हणत तिने आपले पंजे पुढे केले. "हे बघ, धुतलेत. दे बाई तुकडा." सरुबाईने भाकरी मोडली. कलाबाईच्या मागून आणखी एक आली, तिच्या मागून आणखी दोघी, आणि सरुबाई मान खाली घालून मोडून देत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत.

मावशी ओले हात हवेत धरून परत आली तेव्हा डब्यात नुसता चुरा होता.

"सरली?" तिने विचारलं.

"सरली," सरुबाई म्हणाली.